‘मासेच सदोष दिले’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही आमच्याकडून ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी नेलीत. सोबत आमच्या मोठ्या टाकीतला गुलाबी बबल टिप अ‍ॅनिमोन (क्लाउनफिश ज्यात आसरा घेतात तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) मागितलात, तो आम्ही दिला नाही. मग दुसरीकडून पांढराशुभ्र, जांभळ्या टोकांचा अ‍ॅनिमोन आणलात. मासे त्याच्याकडे फिरकतच नाहीत, वेव्हमेकरच्या (टाकीत पाणी फिरवत ठेवणाऱ्या पंपाच्या) मागच्या कोपऱ्यात झोपतात. म्हणून मासे सदोष, दुकानदार आडमुठा, आणि पैसे परत हवेत.

पैशांचं पुढे बोलतो. आधी त्या पांढऱ्या अ‍ॅनिमोनबद्दल, कारण त्याच्या हाती वेळ कमी आहे.

तो पांढरा रंग त्याचा स्वतःचा नाही. अ‍ॅनिमोनच्या अंगात झूझॅन्थेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. उजेडात ते अन्न बनवतं आणि त्यावर अ‍ॅनिमोनचं बरंचसं पोट भरतं. पकडताना, पिशवीतल्या प्रवासात, अंधारात किंवा उकाड्यात हाल झाले की हे शैवाल निघून जातं आणि मागे पांढरं अंग उरतं. तुमच्या फोटोतला अ‍ॅनिमोन मला सेबे जातीचा वाटतो. धडधाकट सेबे फिकट तपकिरी किंवा मातकट हिरवा दिसतो, जांभळी टोकं मात्र त्याला असू शकतात. थोडक्यात, तुमच्या घरात एक उपाशी प्राणी आहे. तो वाचू शकतो, पण त्याला काही महिने लागतील.

आजपासून एवढं करा. लाईट एकदम वाढवू नका. मध्यम ठेवा आणि आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी चढवा. कोळंबीचा नखाएवढा तुकडा आठवड्यातून दोन-तीनदा त्याच्या शुंडांवर (बोटांसारख्या लवचिक तंतूंवर) अलगद ठेवा. मोठा तुकडा दिलात तर तो गिळेल आणि नंतर ओकून टाकेल, त्यात उलट शक्ती जाते. सेबेला पाय वाळूत खोल रोवायला आवडतो, म्हणून वाळूचा थर जाड हवा. त्याला जागेवरून ओढू नका, पाय फाटला की जखम सहसा भरत नाही. वेव्हमेकरला आजच स्पंज किंवा जाळी लावा. नाराज अ‍ॅनिमोन रात्रीतून चालत निघतो आणि पात्यात सापडला तर त्याच्या चिंधड्या होतात, मग अमोनिया वाढून मासेही जातात. अ‍ॅनिमोनचं तोंड उघडं पडून राहिलं, अंगाला बुळबुळ आणि कुजका वास आला, तर त्याच क्षणी बाहेर काढा. आणि माशांवर पांढरे ठिपके दिसले म्हणून तांब्याचं औषध या टाकीत कधीही टाकू नका. तांबं अ‍ॅनिमोनला मारतं.

आता मासे. क्लाउनफिशना आसरा देणाऱ्या अ‍ॅनिमोनच्या जेमतेम दहा जाती जगात आहेत आणि प्रत्येक माशाला त्यातल्या सगळ्या चालत नाहीत. क्लार्की जातीचा क्लाउनफिश सगळ्या दहांमध्ये राहतो. मरून क्लाउन समुद्रात फक्त बबल टिपमध्ये सापडतो. तुमच्या ओसेलारिसची निसर्गातली घरं तीन: मॅग्निफिका, जायगॅन्टिया आणि मर्टेन्सी. सेबे त्या यादीत नाही. त्यातून तुमची जोडी हॅचरीत जन्मलेली आहे. तिने, तिच्या आईबापांनी कदाचित कधी अ‍ॅनिमोन पाहिलेलाच नाही. असे मासे एखाद्या दिवसात अ‍ॅनिमोनमध्ये शिरतात, काही महिन्यांनी शिरतात, किंवा कोपरा, पंप, मऊ कोरल यांनाच घर मानतात. मोठा मासा जवळ आला की समुद्रात त्यांना अ‍ॅनिमोनमध्ये लपावं लागतं. तुमच्या टाकीत त्यांना खाणारं कुणी नाही, त्यामुळे त्याच्यावाचून ते सुखात जगतात आणि अंडीही घालतात. खाणं घेतात, रंग भरलेला आहे, जोडीने फिरतात, हे तुम्हीच लिहिलं आहे. हे निरोगी माशांचं वर्णन आहे, म्हणून पैसे परत करणार नाही. मासे नकोच असतील तर आणून द्या, तेवढ्या किमतीचं दुसरं सामान घ्या.

गुलाबी बबल टिप का दिला नाही, तेही सांगतो. काउंटरवरच्या मुलाने ‘टाकी सहा महिन्यांची होऊ द्या’ म्हटलं ते माझ्या सांगण्यावरून आणि मी त्याच्या पाठीशी आहे. तुमची टाकी दोन महिन्यांची, दोन फुटी. नव्या टाकीत क्षारता, अल्कलिनिटी, नायट्रेट रोज हलत असतं. मासा ते निभावून नेतो, अ‍ॅनिमोन नाही. त्याला विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचं माप) 1.025 च्या आसपास, तापमान 25-26 अंश, आणि मुख्य म्हणजे दोन्ही स्थिर लागतं. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत चिलरशिवाय (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) हे जमवणं कठीण. उपनगरांत टँकरचं पाणी येतं, त्यात आज एक तर उद्या दुसरंच काही, म्हणून पाणी शुद्ध करणारं आरओ-डीआय यंत्र नसेल तर मी अ‍ॅनिमोनचं नावही काढत नाही. लाईट गेली की वेव्हमेकर बंद पडतो, तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवा.

‘मग खरा मॅग्निफिकाच देतो’ असंही कुणी तुम्हाला म्हणेल. घेऊ नका. तो मीटरभर पसरू शकतो, मर्टेन्सी त्याहून मोठा. दोन फुटी टाकीत तो काचेला चिकटून मरेल. जायगॅन्टिया तर अनुभवी लोकांच्या हातूनही जातो. कार्पेट जातीचे अ‍ॅनिमोन मासे गिळतात, हेही लक्षात असू द्या. कॅरिबियन समुद्रातला कॉन्डी जातीचा अ‍ॅनिमोन स्वस्त मिळतो, पण त्या समुद्रात क्लाउनफिशच नाहीत.

ओसेलारिससाठी मी बबल टिपच सुचवतो. निसर्गात त्यांची जोडी नसली तरी टाकीत ती बऱ्याचदा जमते. पण माझं खरं कारण वेगळं आहे. बबल टिप टाकीतच दुभंगून वाढतो. तेव्हा समुद्रातून उपटलेला घेण्याऐवजी कुणाच्या टाकीत वाढलेला तुकडा घेता येतो, आणि तो टाकीच्या पाण्याला, लाईटला सरावलेला असतो. आमच्याकडे तसेच आहेत. अ‍ॅनिमोन दशकानुदशकं जगणारा प्राणी आहे. एडिनबर्गला 1828 मध्ये समुद्रातून आणलेला एक अ‍ॅनिमोन साध्या काचेच्या भांड्यात 1887 पर्यंत जगला, लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणत. जात वेगळी, थंड पाण्यातली, पण नीट पाणी बदललं तर काय होतं ते कळतं. म्हणून घरातल्या टाकीत चार आठवड्यांत मेलेला अ‍ॅनिमोन पाहिला की मला खरोखर वाईट वाटतं.

कुठूनही घ्या, पण घेताना तोंड मिटलेलं आहे का, पाय शाबूत आणि दगडाला घट्ट धरून आहे का, शुंडा बोटाला चिकटतात का, हे पाहा. दुकानात समोर खायला घालायला सांगा. भडक पिवळा किंवा निळा दिसला तर तो बहुधा रंगवलेला असतो, तिथून निघा. टोकं फुगलेली नसली तरी काळजी नको, बबल येतात-जातात.

टाकीला आणखी चार महिने द्या. तोवर पाण्याची तपासणी आमच्याकडे फुकट करू, सेबे दुसरीकडचा असला तरी त्याचीही. पाणी स्वच्छ बाटलीत आणा, साबणाने धुतलेली बाटली नको. मंगळवारी दुकान बंद असतं.