कॅप राउंडमधून महाराष्ट्र दर्शन

सहल म्हणजे चैन आणि फी म्हणजे गुंतवणूक, एवढं आधी पाठ करून घ्या. पुढची बारा वर्षं घरात हेच वाक्य तुम्हाला बोलायचं आहे. माथेरानच्या दोन रात्रींचे चौदा हजार ऐकून तुमचा आवाज चढला पाहिजे आणि खासगी इंजिनिअरिंग कॉलेजचे वर्षाचे पावणेदोन लाख ऐकून तो तितक्याच सहजपणे खाली आला पाहिजे. "असतं तेवढं आजकाल," म्हणायचं आणि मुदत ठेवीची पावती शोधायला कपाटाकडे वळायचं. हे एकदा अंगवळणी पडलं की बाकीच्या सूचना सोप्या आहेत.

नियोजन मात्र लवकर सुरू करा. दोन मुलं असतील तर त्यांच्यात बरोबर चार वर्षांचं अंतर ठेवा. थोरला नववीत गेला की सहली बंद. नववी हा दहावीचा पाया असतो, अकरावी हा बारावीचा, आणि दहावी-बारावीबद्दल तर बोलायलाच नको. "यंदा कुठे?" असं साडूंनी विचारलं की "अहो, बारावी ना!" एवढंच म्हणायचं. पुढे कुणी खोदून विचारत नाही, उलट जरा आदरानेच बघतात. थोरला इंजिनिअरिंगला लागतो त्याच वर्षी धाकटी नववीत जाते. त्यामुळे थोरल्याच्या फीने खातं रिकामं होतंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. सगळ्यांना वाटतं, धाकटीचा अभ्यास चाललाय. अशी आठ वर्षं 'पैसे नाहीत' हे दोन शब्द न उच्चारता निघतात. मग धाकटीच्या कॉलेजची चार, पण तोवर लोक विचारायचेच थांबलेले असतात. बारावीच्या नावाखाली आपल्याकडे काय काय झाकलं जातं, याचा अजून कुणी नीट अभ्यास केलेला नाही. दोन मुलांत दोनच वर्षांचं अंतर ठेवून बसला असाल तर मात्र दोन वर्षं दोन्ही फी एकदम येतील आणि सबबीही लवकर संपतील. त्याला आता इलाज नाही.

आता व्यवहाराचं. टूर कंपनीच्या ऑफिसात जाल तेव्हा कागद-पेन घेऊन जा. सकाळचा चहा धरलाय का? आणि संध्याकाळचा? चतुर्थीला उपासाचं मिळेल का? जेवणात गोड रोज, की एक दिवसाआड? ताजमहाल आतून की बाहेरून? बसमधल्या जागा रोज बदलणार, की पहिल्या दिवशी जो पुढे बसला तो बसला? हे सगळं विचारलंच पाहिजे, कारण पैसा कष्टाचा आहे. माणशी हजार-दीड हजार कमी करून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. टोपी आणि बॅग फुकट आहे का, तेही बघा. बॅगेची चेन ओढून बघा.

कॉलेजच्या खिडकीशी असं वागायचं नसतं. तिथे एकच प्रश्न: "ऑनलाइन चालेल ना?" पावतीवर ट्यूशन फीच्या खाली डेव्हलपमेंट फी लिहिलेली असते. कुणाचं डेव्हलपमेंट, असं मनात आलं तर संस्थेच्या नव्या इमारतीकडे नजर टाका आणि गप्प बसा. त्याखाली कधी 'इतर' असतं, आणि 'इतर'च्या खाली 'संकीर्ण'. राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण नावाची यंत्रणा आहे, २०१५च्या कायद्याने नेमलेली. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी ती ठरवते आणि कुठल्या कॉलेजला कुठल्या वर्षी किती मंजूर केली ते आपल्या वेबसाइटवर टाकते. ती यादी चुकूनही उघडू नका. मंजूर फीपेक्षा एक रुपया जास्त घेता येत नाही, कॅपिटेशन फीला, म्हणजे प्रवेश देण्यासाठी वरून उकळलेल्या पैशाला, तर १९८७पासून कायद्यानेच बंदी आहे, असली माहिती एकदा कळली की खिडकीशी बोलावं लागतं. बोललात की घरी येईपर्यंत पोराच्या इंटर्नल मार्कांची काळजी लागते. टूर मॅनेजरच्या हातात आपल्या पोराचे मार्क नसतात, म्हणून तर चहावरून आपण त्याच्याशी एवढं मोकळेपणाने भांडतो.

अभिमत विद्यापीठांना तर हे प्राधिकरणच लागू नाही, त्यामुळे तिथे न विचारण्याची सवय जास्त उपयोगी पडते. त्यांचं माहितीपत्रक बघा: तळं, हिरवळ, पोहण्याचा तलाव, डोंगरामागे मावळणारा सूर्य. प्रयोगशाळेचा फोटो असलाच तर शेवटून दुसऱ्या पानावर. चौघांनी चार दिवस रिसॉर्टला जाण्यापेक्षा एकाने चार वर्षं रिसॉर्टला राहावं, हा हिशेब एकदा पटला की फीचा आकडा टोचत नाही.

पण फीही भरायची आणि सगळ्यांनी फिरायचंही, असा हट्टच असेल तर सीईटी सेलचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाचा, ऑप्शन फॉर्म मन लावून भरा. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे राउंड-राउंडने होणाऱ्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, कॉलेजांचे तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात. १९८३ला वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडून दिलं, तेव्हापासून ज्याच्या तासाभराच्या अंतरावर इंजिनिअरिंग कॉलेज नाही असं पर्यटनस्थळ या राज्यात शोधून सापडायचं नाही. लोक उगाच गेल्या वर्षीचा कट-ऑफ, प्लेसमेंट, ब्रँच बघत बसतात, रात्र रात्र जागून एक्सेल करतात, क्लासवाल्या सरांना फोन करून भंडावतात. तुम्ही सरळ नकाशा उघडा.

कराडचं शासकीय अभियांत्रिकी टाका. कागदपत्रं तपासून झाली की संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर बसता येतं. सांगलीचं वालचंद कॉलेज टाकलं की नरसोबाची वाडी आली, बासुंदी आली, कवठाची बर्फी आली. वालचंदला नंबर लागेल का, हा प्रश्न वेगळा; वाडीला कट-ऑफ नसतो. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ घ्या: रायगडचा रोपवे आणि महाडचं चवदार तळं एका मुक्कामात होतं. अमरावतीचं शासकीय मिळालं तर वर चिखलदरा. प्रवेश ऐन पावसाळ्यात होत असल्याने धुक्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. शेगावला संत गजानन महाराजांच्या नावाचं कॉलेज आहे. दर्शन, महाप्रसाद, येताना कचोरी, आणि वर 'पोराच्या कामासाठी गेलो होतो' हे पुण्य. नांदेडला एसजीजीएस कॉलेज आणि सचखंड साहिब गुरुद्वारा. जळगाव घेतलं तर अजिंठा, संभाजीनगर घेतलं तर वेरूळ. फक्त वार बघून निघा, अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, आणि कॉलेजने बोलावलेला वार नेमका तोच निघतो. चंद्रपूरचं शासकीय टाकताना ताडोबा डोक्यात असेल तर ऐका: प्रवेशाच्या दिवसांत कोअरचे दरवाजे पावसाळ्यामुळे बंद असतात, वाघ बघायचा तर बफरमध्ये. नाही दिसला तर प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसा.

यात एक धोका आहे. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो स्वीकारावाच लागतो. तेव्हा घरापासून पीएमपीच्या एका बसने गाठता येणारं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकून सगळा दौरा पहिल्याच राउंडला गुंडाळू नका. सीट स्वीकारायचे हजार रुपये लागतात, ते प्रवेश तिकीट समजा. मुक्कामाला लॉज घेऊ नका. शोधलं तर प्रत्येक जिल्ह्यात आपल्या आईच्या माहेरचं कुणी ना कुणी असतं. "ब्रँचचं काय?" असं पोरगं गाडीत विचारेल. त्याला सांगा, कॉम्प्युटर सगळीकडे सारखाच असतो, सूर्यास्त नसतो.

मुलाबरोबर फिरणं एवढंच. पुढे तो तुमच्याशिवाय फिरणार आहे, आणि तेही अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. तिसऱ्या वर्षाला आयव्ही येते, म्हणजे इंडस्ट्रियल व्हिजिट. देशातले समजून घेण्यासारखे कारखाने कुलू-मनालीला आणि गोव्याला आहेत, हे आयव्हीची नोटीस वाचल्यावर आपल्याला प्रथमच कळतं. सहा दिवसांतला अर्धा दिवस कारखाना, तोही बिस्किटांचा नाहीतर ज्यूसचा, कॉम्प्युटरच्या मुलांना. बाकीचा अभ्यास बर्फावर. हे पैसे फीमध्ये धरलेले नसतात. "कंपल्सरी आहे, बाबा," असं तो डोळ्यांत न बघता सांगतो. देऊन टाका. मग रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी सोफ्यावर बसून, चष्मे लावून, त्याच्या स्टेटसमध्ये बर्फ बघा. रोहतांग असं घरबसल्या होतं, माणशी खर्च शून्य.

कर्जाचं म्हणाल तर ते फीला मिळतं आणि सहलीलाही. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत जाताना प्रवेशाचं पत्र, फीचा तपशील, दहावी-बारावीच्या मार्कशीट, वडिलांची रिटर्न्स, आईचं पॅन, सहकर्जदार आणि एक मोकळा आठवडा बरोबर घ्या. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही असं बँकांच्या नमुना योजनेत लिहिलेलं आहे, तरी साहेब गप्पांच्या ओघात "फ्लॅट स्वतःचाच ना?" असं विचारून घेतात. तुम्ही फोटोकॉपीवर सह्या करत असतानाच फोन वाजतो: तुमचं पर्सनल लोन मंजूर झालेलं आहे, बालीला जाऊन या. ना मार्कशीट, ना आईबाप. पोरगं काय शिकणार आणि पुढे काय कमावणार, हे तीन टेबलांवर तपासलं जातं. तुम्ही बालीला जाऊन काय दिवे लावणार, ते कुणी विचारत नाही. तेव्हा सहलीच्या नावाने कर्ज काढा आणि फी भरा. व्याज जास्त बसेल, कोर्स संपेपर्यंत हप्ते थांबवायची सवलत जाईल, पण बँकेत मान खाली घालावी लागत नाही. शिवाय बँकेच्या दप्तरी का होईना, तुम्ही बालीला जाऊन आलेले असता.

आयकर खातं या बाबतीत समतोल राखून आहे. जुन्या करप्रणालीत एलटीए, म्हणजे सुट्टीच्या प्रवासभत्त्यावरची सूट, मिळतो, चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोन प्रवासांना, देशातल्या देशात, आणि फक्त भाड्याला; हॉटेल-जेवण ज्याचं त्याचं. मुलांच्या फीलाही सूट आहे, पण ट्यूशन फीपुरती, आणि पीएफ नि विमा आधीच जागा धरून बसलेल्या त्या दीड लाखाच्या वजावटीच्या डब्यात जागा उरली तर. हॉस्टेल-मेस ज्याचं त्याचं. म्हणजे खात्याच्या लेखी तुम्ही महाबळेश्वरला जाता पण राहत नाही, आणि मुलगा वर्गात बसतो पण जेवत नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर हा परिच्छेद वाचला नाही असं समजा.

कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी सुटते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना तर २०२४पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. ही गोष्ट चांगली आहे, तिच्यावर मला काही विनोद सुचत नाही. विनोद सुरू होतो तो आठ लाख पाच हजारांपासून. तेवढं उत्पन्न असेल तर सरकारदरबारी तुम्ही सुस्थितीतले, आणि सुस्थितीतल्या माणसाने फीबद्दल कुरकुर करायची नसते, युरोपबद्दल बोलायचं असतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात, तेव्हा बायकोलाही बरोबर घेऊन जा. बाहेर वडापाव चांगला मिळतो. तेवढंच दोघांचं बाहेर खाणं होतं.

हे सगळं पार पडेपर्यंत तुम्ही साठीला टेकलेले असाल, आणि दोघांपैकी कुणाचा तरी गुडघा बोलायला लागलेला असेल. खचू नका. राज्य सरकारने २०२४मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना काढली आहे: वय ६०च्या वर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, माणशी ३० हजारांपर्यंतचा खर्च सरकारचा. वयाची अट आपोआप पूर्ण होते. उत्पन्नाची अटही, धाकटीला मास्टर्सला जर्मनीला पाठवलंत तर, फारसे कष्ट न घेता पूर्ण होईल. अर्ज जास्त आले तर लॉटरी काढतात, पण कॅपचे राउंड काढलेल्या माणसाला लॉटरीचं काय एवढं! दाखला कुठल्या टेबलावर मिळतो, तेही एव्हाना तुम्हाला पाठ झालेलं असेल.