मुलाच्या नावावर लाच

वयाच्या ४३व्या वर्षी मी लेखी स्वरूपात 'कॉमेंटवाला मुलगा' झालो. कागदावर तारीख आहे, खाली माझीच सही आहे आणि त्याची झेरॉक्स मलाच देण्यात आली आहे, दप्तरी ठेवण्यासाठी.

काम साधं आहे. एका मराठी बातम्यांच्या संकेतस्थळावर बातमीखाली लोक जे काही लिहितात, ते बाकीच्या लोकांना दिसू द्यायचं की नाही हे मी ठरवतो. नातेवाइकांना 'संपादकीय विभागात आहे' एवढंच सांगतो.

सोमवारी अकराच्या सुमाराला रिसेप्शनवरून फोन आला. "एक काका आलेत. आवक-जावक कुठे आहे विचारतायत."

आमच्याकडे आवक-जावक नाही. कॉफीचं मशीन आहे. काका त्याच्याशेजारी उभे होते. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, हातात टॅग लावलेली फाइल. महसूल खात्यात ३४ वर्षं, अव्वल कारकून म्हणून निवृत्त, ही माहिती मी न विचारताच मिळाली.

"माझं प्रकरण कुणाच्या टेबलावर आहे?"

"कसलं प्रकरण, काका?"

"प्रतिक्रिया. गुरुवारी सायंकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी सादर केली. पडद्यावर शेरा आला, 'आपली प्रतिक्रिया विचाराधीन आहे.' चार दिवस झाले. विचार कोण करतंय?"

"मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एकटेच?"

"एकटाच."

"टिपणी कोण ठेवतं?"

"मीच."

"आणि त्या टिपणीवर निर्णय?"

"तोही मीच."

"म्हणजे तपासणारा आणि मंजूर करणारा एकच?" एवढं बोलून ते खुर्चीत बसले. पाणी मागवलं. मला उगाच आपण काहीतरी अफरातफर केल्यासारखं वाटायला लागलं.

मग त्यांनी आवक क्रमांक मागितला. तसं काही नसतं म्हटल्यावर चेहरा असा पडला की मी डेटाबेसमध्ये जाऊन त्या कॉमेंटचा सहा आकडी क्रमांक शोधून दिला. तो त्यांनी फाइलच्या कव्हरवर लाल पेनाने लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या. "म्हणजे नोंद आहे. मग दिरंगाई आहे." पुढे सरकारी कामातल्या दिरंगाईवरचा २००५चा कायदा आला, त्याचं कलम १० आलं, सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ नस्ती, म्हणजे फाइल, कुणाच्याही टेबलावर राहता कामा नये हे आलं.

"काका, तो कायदा सरकारी कर्मचाऱ्यांना आहे. आम्ही खासगी."

"म्हणजे तुम्हाला कायदाच नाही?"

"तसं नाही..."

"मग तुम्ही खासगी आहात, एवढं लेखी द्या."

विषय बदलावा म्हणून मी त्यांना स्क्रीन दाखवली. ही चूक झाली. रांगेत अडकलेल्या कॉमेंटमध्ये ज्या शब्दामुळे ती अडकली, तो शब्द पिवळ्या रंगात दिसतो. काकांच्या कॉमेंटमध्ये दोन ठिकाणी पिवळं होतं. चष्मा वर-खाली करून त्यांनी वाचलं.

"लाच?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी ऑफिसात चहा घरून थर्मासमधून न्यायचो. कुणाचा चहा नको म्हणून. आणि तुमचं मशीन मला..."

आता मशीनची बाजू मांडणं भाग आहे.

गेल्या वर्षी एका पुढाऱ्याच्या बातमीखाली कुणीतरी कोणाला किती टक्के पोचले याचा हिशेब मांडला. नोटीस आली. वकिलांनी सल्ला दिला की आरोपाचा वास असलेला प्रत्येक शब्द यादीत घाला, त्या कॉमेंटा माणसाने बघूनच सोडायच्या. यादीत गेले : लाच, खंडणी, टक्केवारी, खुन्या, भिकार आणि इतर बरेच, जे इथे लिहिले तर हा लेखही अडकेल.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी 'टक्केवारी'ने शेकडो आईबाप रांगेत उभे केले. पुण्यातल्या वाहतूक कोंडीच्या बातमीखाली खुन्या मुरलीधर आणि भिकारदास मारुती दोघेही संशयित म्हणून बसून होते. पुणेकरांनी देवांना नावं ठेवताना आमचा जरासुद्धा विचार केलेला नाही.

पण खरा घोळ 'लाच'ने घातला. यादीतला शब्द मोठ्या शब्दाच्या पोटातही शोधला जातो. इंग्रजीत ही रड जुनी आहे. १९९६ साली एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीच्या गाळणीने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खातीच उघडू दिली नव्हती, कारण गावाच्या नावात एक शिवी लपलेली आहे. मराठीत अशी गावं शोधत हिंडायला नको. 'मुलाचा' घ्या, 'फुलाची' घ्या, 'मलाच', 'तुलाच', 'त्यालाच', 'कुलाचार' घ्या. सगळ्यांच्या पोटात लाच आहे. ज्या भाषेत माणूस दर तिसऱ्या वाक्यात 'मलाच का?' विचारतो, त्या भाषेत हा शब्द यादीत घालायचा म्हणजे सगळ्या गावाला जामिनावर सोडण्यासारखं.

मग अख्खा शब्दच जुळवा म्हणाल, तर 'लाचखोर', 'लाचलुचपत', 'लाचेची' हे सगळे सुटतात. म्हणून शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवा असं सांगावं लागतं. तेही आमच्या तांत्रिक विभागाने करून पाहिलं, आणि फरक जवळजवळ शून्य. कारण शब्द कुठे सुरू होतो हे ओळखणारे बरेच प्रोग्रॅम काना, मात्रा, उकार यांना अक्षर मानतच नाहीत. 'मुला'मधल्या 'म'चा उकार आला की त्यांना वाटतं इथे शब्द तुटला, आता 'ल'पासून नवा शब्द सुरू. झालं, पुन्हा लाच. उपाय आहे. 'शब्दाची सुरुवात' ही तयार खूण वापरायची नाही. आधी मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा ओळीची सुरुवात असेल तरच पकडायचं, असं हाताने लिहायचं. दहा मिनिटांचं काम. तांत्रिक विभागाने ते पुढच्या महिन्यात घेतलं आहे. फेब्रुवारीपासून ते पुढच्या महिन्यातच आहे.

आणि ज्याला शिवी द्यायची आहे, तो कुठे अडकतो? तो रोमन लिपीत लिहितो. मध्ये टिंब देतो. 'भिकाऱ्या' यादीत असला तरी निसटतो, कारण त्यातला 'ऱ्या' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. दिसायला सारखे, आतून वेगळे. यादीत एक, त्याच्या कीबोर्डवर दुसरा. त्यामुळे गाळणीतून गाळ खाली जातो आणि चहा वर राहतो. शुद्ध देवनागरीत, पूर्णविराम देऊन, 'मुलाच्या' असं सभ्यपणे लिहिणारा माणूस चार दिवस रांगेत.

काकांची कॉमेंट काय होती ते सांगायचं राहिलं. आमच्या बातमीत 'सातबारा म्हणजे जमिनीच्या मालकीचा पक्का पुरावा' असं छापलं होतं. काकांनी लिहिलं होतं : सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख, नमुना १२ पिकांची नोंद, फेरफार नमुना ६मध्ये. वडिलांची जमीन मुलाच्या नावावर लागली म्हणजे मालकी मुलालाच मिळाली असं होत नाही. हक्काचा वाद दिवाणी न्यायालयात ठरतो. कृपया दुरुस्ती करावी.

चार ओळी. वर्षभरात आलेली सर्वांत कामाची कॉमेंट. चार दिवस बातमीखाली दुसरेच लोक भांडत होते आणि चुकीची बातमी तशीच वाचली जात होती.

वकिलांना याचं काही नाही. ते म्हणतात, दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९चं संरक्षण आहे, पण ते आहे हे सांगायला कोर्टात जावं लागतं. अगदीच खोटं नाही. एस्टोनियात डेल्फी नावाच्या संकेतस्थळावर २००६च्या जानेवारीत एका फेरी कंपनीची बातमी आली. समुद्र गोठला की त्यावरून गाड्या न्यायचा बर्फाचा रस्ता, तो कंपनीच्या बोटींनी फोडला, अशी. खाली १८५ कॉमेंटा, त्यातल्या वीसेक धमक्या आणि शिवीगाळ. ज्याला त्या शिव्या होत्या त्या कंपनीच्या बड्या भागधारकाने पाच लाख क्रून (तिथलं तेव्हाचं चलन) मागितले, कोर्टाने पाच हजार दिले, म्हणजे जेमतेम ३२० युरो. डेल्फी तेवढ्यासाठी थेट युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली आणि २०१५च्या जूनमध्ये तिथेही हरली. आपल्याकडे तर कॉमेंटही लागत नाही. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये पालघरला एका मुलीने फेसबुकवर पोस्ट लिहिली, दुसरीने ती नुसती लाइक केली, दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६अ कलमाची तेव्हा देशभर चर्चा झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं. अंगठा वर केला तरी पोलीस येतात हे ज्या राज्याने पाहिलंय, तिथला वकील 'लाच' यादीतून काढायला तयार होत नाही, तर मी कुणाला बोलू?

लोकांना वाटतं कॉमेंट म्हणजे जनतेचा आवाज. अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओने २०१६ साली हिशेब केला. जुलैत संकेतस्थळावर सुमारे ३ कोटी ३० लाख लोक आले, ४ लाख ९१ हजार कॉमेंटा पडल्या आणि त्या लिहिणारे होते १९,४००. पुढच्याच महिन्यात त्यांनी कॉमेंटची खिडकी बंद केली. आमच्याकडे जनतेचा आवाज म्हणजे साधारण अकरा जण. मला ते वेळेवरून ओळखू येतात. एक पहाटे पाचला लिहितो, बहुधा त्याला झोप लागत नाही. एकजण फक्त 'पहिला!' एवढंच लिहितो. 'जुन्या आधी' असा क्रम ठेवला की त्याचंच 'पहिला' दिवसभर मथळ्यासारखं वर बसतं. 'नव्या आधी' ठेवला की उत्तर आधी दिसतं आणि प्रश्न नंतर. उत्तराला उत्तर, त्याला उत्तर अशी पाच पायऱ्यांची परवानगी वर्डप्रेसमध्ये, म्हणजे संकेतस्थळ चालवायच्या तयार प्रोग्रॅममध्ये, मुळातच असते. मोबाइलवर पाचव्या पायरीला कॉमेंट इतकी उजवीकडे चेपली जाते की 'महाराष्ट्र' तीन ओळींत येतो. दोन आठवडे झालेल्या बातमीची खिडकी बंद करावी, नाहीतर तिथे कर्ज देणारे आणि वशीकरणवाले बाबा मुक्कामाला येतात.

आणि या अकरा जणांवरून उद्या काय लिहायचं ते ठरतं. सकाळच्या बैठकीत वाचलं कुणी हे विचारत नाहीत, 'कॉमेंटा किती?' विचारतात. सातबाऱ्यावर नीट समजावून लिहिलं तर खाली शुकशुकाट. 'जमीन खरंच तुमची आहे का?' असा मथळा केला की दीडशे. मथळ्याला प्रश्नचिन्ह लावणारा वेगळा, त्याला बढती मिळते. खाली झाडू मारणारा वेगळा. नॉर्वेतल्या सरकारी प्रसारण संस्थेच्या एनआरकेबीटा या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने २०१७मध्ये कॉमेंट लिहिण्याआधी बातमीवर तीन प्रश्न विचारायला सुरुवात केली. उत्तरं आली तरच खिडकी उघडायची. मी बैठकीत सुचवलं. सगळे हसले. मी विनोद केलाय असं त्यांना वाटलं.

आमची एक बातमीदार आहे. स्वतःच्या बातमीखाली ती कधी बघत नाही. संध्याकाळी निघताना मला विचारते, "आज फार घाण आहे का?" मी म्हणतो, "नाही गं, ठीक आहे." 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने २०१६मध्ये आपल्या ७ कोटी कॉमेंटा तपासल्या. ज्यांना सर्वाधिक शिवीगाळ झाली त्या दहा लेखकांत आठ स्त्रिया होत्या, उरलेले दोघे कृष्णवर्णीय पुरुष. आमच्याकडे असा अभ्यास करायची गरज नाही. काय उडवलं ते मला पाठ आहे.

असो. काकांची कॉमेंट मी त्यांच्यासमोर मंजूर केली. डेस्कला सांगून बातमीही दुरुस्त करून घेतली. काकांनी फाइलमधून अर्ज काढला, दोन प्रतींत. "पोच द्या." मी सही केली. "हुद्दा?" पगाराच्या चिठ्ठीवर माझा हुद्दा 'कंटेंट असोसिएट' आहे. ते ऐकून काकांनी पेन उचललं, थोडा विचार केला आणि स्वतःच कंसात लिहिलं : कॉमेंटवाला मुलगा. मला पोच देऊन, म्हणजे माझ्याकडून घेऊन, ते कॉफी न घेता गेले.

रात्री साडेनऊला त्यांची नवी कॉमेंट आली : 'कॉमेंटवाल्या मुलाच्या तत्परतेबद्दल आभारी आहे. मात्र कार्यालयात एकच व्यक्ती तपासते व मंजूर करते, ही बाब गंभीर आहे.'

'मुलाच्या' पिवळं झालं आहे. प्रकरण माझ्या टेबलावर आहे. कामाचे दिवस मोजून आज सहावा.