‘रद्द झालं ना ते, मग कायले बोंबलता?’

हे वाक्य मला पुन्हा कोणी ऐकवलं तर मी त्याला मे महिन्यातल्या दुपारी नागपूरच्या व्हेरायटी चौकात उभं करीन आणि युनिटीच्या, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही मोबाइल गेम बनवतो ते विकणाऱ्या कंपनीच्या, अटी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लावीन. दुपट्टा न बांधता.

रद्द झालं, मान्य. 12 सप्टेंबर 2023 ला युनिटीने रनटाइम फी, म्हणजे गेमच्या इन्स्टॉलमागे घ्यायचे पैसे, जाहीर केली आणि 12 सप्टेंबर 2024 ला, बरोब्बर त्याच तारखेला, गेमवाल्यांपुरती ती मागे घेतली. वर्षश्राद्धच घातलं म्हणा ना. पण ‘रद्द झालं’ म्हणणाऱ्यांपैकी एकालाही त्याच घोषणेतली पुढची ओळ आठवत नाही. युनिटीचं पैशाचं प्रो लायसन्स 8 टक्क्यांनी महाग, मोठ्या कंपन्यांचं एंटरप्राइज 25 टक्क्यांनी. एका हाताने सोडलं, दुसऱ्या हाताने धरलं, आणि टाळ्या दोन्ही हातांनी वाजवा म्हणे.

ज्यांच्या डोक्यावरून चाललं त्यांच्यासाठी एका दमात सांगते. गेममध्ये चेंडू उडतो, भिंतीवर आपटतो, सावली पडते, आवाज येतो. हे सगळं दरवेळी शून्यापासून लिहायला कोणी बसत नाही, त्यासाठी तयार इंजिन असतं. आमच्या मोबाइलवाल्यांत बहुतेकांचा हात युनिटीवर बसलेला. पैशांचा हिशोब साधा होता. कमाई एका मर्यादेच्या आत असेल तर फुकट, वर गेली तर माणसामागे वर्षाचे इतके. गेम दहा जणांनी उतरवला की दहा लाख जणांनी, इंजिनवाल्याला त्याचं काही नव्हतं. आणि एका दिवशी ते म्हणाले, आता इन्स्टॉलमागे पैसे. गिरणीवाल्याने दळण दळून दिलं, पैसे घेतले, पीठ तुमच्या डब्यात गेलं, आणि मग तोच तुमच्या दारात येऊन बसला की पंगतीला किती पानं उठली ते मी मोजणार, पानामागे इतके द्या. वर म्हणतो, मागच्या लग्नात जेवून गेले तेही मोजणीत धरीन.

हो, धरणारच होते. फी 1 जानेवारी 2024 पासूनच्या इन्स्टॉलवर लागणार होती, पण फीच्या रांगेत आलात की नाही हे ठरवताना गेमचे आजवरचे सगळे इन्स्टॉल मोजणार होते. आधी बाजारात आलेले गेमही सुटत नव्हते.

दर ऐका. फुकटच्या पर्सनल योजनेवर असाल, बारा महिन्यांत 2 लाख डॉलर कमावले असतील आणि एकूण इन्स्टॉल 2 लाखांवर गेले असतील, तर पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलला 20 सेंट. म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेसोळा रुपये. भारत स्वस्त देशांच्या यादीत होता म्हणून आपल्याकडच्या इन्स्टॉलला 2 सेंट, दीड-पावणेदोन रुपये. इथेच आमचे हुशार लोक मान डोलावतात. ‘मग तुले काय लागते त्यात? तुह्या गेमनं दोन लाख डॉलर कमावले का कधी?’

नाही कमावले. दीड कोटीच्या वर होतात ते. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या खोलीचं भाडं देतानाच आमची दातखीळ बसते. पण काय बोलून राहिले तुम्ही? आम्ही हा धंदा कायम न चालण्यासाठी काढला का? गेम चालावा म्हणूनच तर उन्हाळ्यात कूलरचं पाणी अंगावर उडवून घेत रात्री काढतो. आणि ज्या दिवशी तो चालेल त्या दिवशी दंड, असा तो नियम. फुकट गेम, जाहिरातीवर चालणारा. उतरवणारे लाखो, खिशातून रुपया काढणारे मूठभर. ही आपल्या देशातल्या गेमची रीत. विक्रीवर टक्का मागितला असता तर समजू शकते, विक्री झाली तेव्हा हातात काहीतरी आलं. पण इन्स्टॉलच्या क्षणी माझ्या हातात काय आलं? भोपळा.

त्यात पहिल्या दिवशी तर म्हणाले, काढून पुन्हा टाकला तरी मोजणार! काही तासांत ओरड झाली तेव्हा सूर बदलला, नाही नाही, एका यंत्रावर एकदाच. अहो, आमच्या घरच्यांचे फोन पाहिले का कधी कोणी? मावशीच्या फोनमध्ये सकाळच्या ‘शुभ प्रभात’च्या फुलांनी जागा भरली की पहिला बळी गेमचा जातो. संध्याकाळी नातू आला की गेम परत. एका मावशीपायी किती इन्स्टॉल धरायचे? आणि मोजणार कोण, तर त्यांचंच गुप्त गणित. ‘आमचं स्वतःचं डेटा मॉडेल आहे’ म्हणे. चोरून उतरवलेले गेम कसे वगळाल, तर तेही आम्ही बघून घेऊ. बिल तुमचं, मीटर तुमचा, रीडिंग घेणारा माणूसही तुमचाच. महावितरणचा मीटर निदान माझ्या भिंतीवर तरी असतो, जाऊन भांडता तरी येते.

त्या घोषणेनंतर तीनच दिवसांनी आमच्याकडे मारबत निघाली, गावातली इडा-पिडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक. काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, होते. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, कोणाकोणाचा. मला मनापासून वाटलं, एक बडग्या आपलाही काढावा, हातात पावतीपुस्तक दिलेला. ‘रनटाइम फी घेऊन जा गे मारबत!’ पण महाल भागातल्या त्या गर्दीत कोणाला सांगायचं रनटाइम फी म्हणजे काय? लोक म्हणाले असते, पोरीले ऊन लागलं.

युनिटीचा माफीनामा आला तो 22 सप्टेंबरला. ती रात्र नागपूरकर विसरूच शकत नाही. तीच, जिच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या बैठकीत येऊन बसली. लोक फ्रिज पलंगावर चढवत होते आणि मी फोनच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर अडीच टक्क्यांचं कलम वाचत होते. पर्सनलवाल्यांना फी नाही. प्रोवाल्यांना फक्त पुढच्या नव्या आवृत्तीवर. आकडे तुम्हीच कळवा, नाहीतर उत्पन्नाच्या अडीच टक्के, जे कमी असेल ते. हे आधी सुचलं नव्हतं का? दहा दिवस अख्ख्या जगाला टांगून ठेवायची काय गरज होती?

पण माझा खरा राग फीवर नाहीच. फी वाढते, सगळ्यांच्या वाढतात, दुधाचे भाव वाढतात, आपण देतो. माझा राग आहे तो नियम मागून बदलण्यावर. 2019 मध्ये याच कंपनीने सांगितलं होतं, तुम्ही ज्या आवृत्तीवर गेम बनवाल तिच्याच अटी तुम्हाला लागू राहतील, हवं तर नव्या अटी स्वीकारू नका. अटींमधला प्रत्येक बदल दिसावा म्हणून त्या गिटहबवर, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहते अशा साइटवर, उघड ठेवल्या होत्या. नंतर ते कलम गुपचूप गळालं, गिटहबवरचं पानही गायब. विचारलं तर उत्तर काय? पाहणारे फार कमी होते म्हणून काढलं. घ्या! भाडेकराराची तुमची प्रत मी फाडली, कारण तुम्ही ती रोज वाचत नव्हता. गदारोळानंतर पान परत आलं, आश्वासनही परत आलं. पण एकदा जे गळालं ते पुन्हा गळणार नाही हे मी कोणाच्या भरवशावर मानू? तेव्हाचे सीईओ जॉन रिसिटिएलो 9 ऑक्टोबर 2023 ला पायउतार झाले. नवे आले, त्यांनी फी काढून टाकली. उद्या आणखी नवे येतील, त्यांना शेअर बाजार काय सुचवेल कोणी सांगावं?

आणि तोवर आमचं काय झालं ते ऐका. आम्ही तिघं. एक कोड लिहितो, एक चित्रं काढतो, मी उरलेलं सगळं. एका प्रकाशकाशी बोलणं जवळजवळ पक्कं होत आलं होतं. तो म्हणाला, इंजिनचं स्थिर होऊ द्या, मग पाहू. ते ‘मग’ आलंच नाही. गेम करायचे ते दिवस आम्ही एक्सेल करण्यात घातले. इतके इन्स्टॉल, इतक्या जाहिराती, या देशाचा हा दर, त्या देशाचा तो. शेवटी माझा भाऊ म्हणाला, ‘ताई, तू गेम बनवून राहिली का सीएची परीक्षा देऊन राहिली?’

सल्लागारांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. ‘गोडो वापर ना, फुकट आहे.’ माहीत आहे हो. अर्जेंटिनाच्या लोकांनी बनवलेलं इंजिन, 2014 पासून खुलं, एमआयटी लायसन्स म्हणजे कोणीही फुकट वापरावं, कोणी भाव वाढवू शकत नाही. त्या सप्टेंबरात टेरारिया हा गेम बनवणाऱ्या री-लॉजिकने गोडोला आणि एफएनए या दुसऱ्या खुल्या साधनाला प्रत्येकी 1 लाख डॉलर दिले. त्यांना दंडवत. पण आमचा दीड वर्षाचा सी शार्प कोड उचलून तिकडे नेणं म्हणजे काय ते सल्ला देणाऱ्याने एक लेव्हल तरी हलवून दाखवावी. डॉलरमध्ये विकत घेतलेले प्लगइन तिकडे चालत नाहीत. जाहिरातींचे एसडीके, म्हणजे गेमला जाहिराती जोडायचे तयार संच, युनिटीसाठी अधिकृत मिळतात, तिकडे कोणा भल्या माणसाने बनवलेल्या जोडणीवर भागवा. आणि नवीन पोरगा कामावर घ्यायचा तर आपल्या कॉलेजातून निघतो तो युनिटी शिकूनच. ‘मग अनरियल?’ तेही एक इंजिन. 10 लाख डॉलर कमाईपर्यंत काही मागत नाहीत, पुढे 5 टक्के, सरळ माणसं. पण आमचा छोटासा टू-डी गेम आठ हजारांच्या फोनवर चालायला हवा. त्यासाठी अनरियल घेऊ? सीताबर्डीत भाजी आणायला ट्रक काढू का मी?

नातेवाइकांचा त्रास वेगळाच. ऑक्टोबर 2023 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 28 टक्के जीएसटी आला, ऑगस्ट 2025 मध्ये तर त्या प्रकारावर बंदीचाच कायदा झाला. दोन्ही वेळा काकांचा फोन. ‘काऊन वो, तुमचं गेमिंग बंद झालं म्हणते?’ काका, ते रमीवाले. आम्ही संत्री गोळा करणाऱ्या माकडाचा गेम बनवतो. ‘हौ, पण गेमच ना?’ संपलं. एकीकडे अमेरिकेतली कंपनी मला बड्या स्टुडिओच्या मापाने मोजते, दुसरीकडे प्रतापनगरातले काका जुगाराच्या.

आता पैशाचंच बोलू, शेवटी सगळं तिथेच येतं. पूर्वी मधली एक पायरी होती, युनिटी प्लस. वर्षाला 399 डॉलर, 33 हजारांच्या आसपास. रडत-कुढत का होईना, देता येत होते. 12 सप्टेंबर 2023 ला, त्याच मुहूर्तावर, नव्या लोकांसाठी ती पायरीच काढून टाकली. रनटाइम फीच्या आरडाओरड्यात त्या बिचाऱ्या प्लससाठी कोणी रडलंही नाही. आज खाली पर्सनल, फुकट. वर प्रो, 2025 मध्ये माणसामागे वर्षाला 2,200 डॉलर. 2024 मध्ये 2,040 होते. मध्ये काही नाही. पर्सनलची कमाईची मर्यादा 1 लाखावरून 2 लाख डॉलर केली, नव्या आवृत्तीत गेमच्या सुरुवातीचा युनिटीचा लोगोही काढता येतो. चांगलं केलं. खरंच चांगलं केलं. पण मर्यादा ओलांडली की 2025 च्या त्या दराने तिघांचे मिळून साडेपाच लाख एकदम. त्यावर कार्डाचा मार्कअप, म्हणजे डॉलरात पैसे भरण्याचा जादा आकार, बँक वेगळा कापते, मार्कअपवर पुन्हा जीएसटी. सीए म्हणतो, परदेशी सेवा आहे, रिव्हर्स चार्जमध्ये, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, 18 टक्के जीएसटी आधी भरा, मग क्रेडिट घ्या. आधी भरा! आधी भरायला असते तर ही बोंबच कायले मारली असती?

डॉलर वधारतो तो वेगळाच. युनिटीच्या सॅन फ्रान्सिस्कोत किंमत जागेवर असली तरी नागपुरात ती दर महिन्याला हलते.

मागच्या आठवड्यात एका ग्राहकाने नव्या कामाचं अंदाजपत्रक मागितलं. शीटमध्ये एक रकाना होता, ‘इंजिन लायसन्स खर्च, पुढील तीन वर्षे’. मी फोन करून विचारलं, साहेब, इथे काय लिहू? ते म्हणाले, ‘मॅडम, जे काय रेट असेल ते टाका ना, त्यात काय एवढं.’ मी आजचा दर टाकला आणि खाली लिहिलं, ‘हा दर फक्त आजचा. पुढे बदलला तर फरक ग्राहकाने द्यावा.’ ते वाक्य काढून टाका म्हणून त्यांचे तीन मेल येऊन पडले आहेत. नाही काढत.