डेपो बंद झाला, काळं पाणी थांबलं नाही

परवा गावाबाहेरच्या जुन्या कचरा डेपोवर गेलो होतो. तो बंद होऊन तीन वर्षं झाली. जेसीबीनं ढीग सपाट केला, वर वीतभर मुरूम टाकला, रोपं लावली, फोटो निघाले. पण खालच्या धुऱ्याशी अजूनही कोऱ्या चहासारखं पाणी झिरपतंय. शेजारच्या शेतातले काका म्हणाले, "भाऊ, या पाण्याले ढोरं बी तोंड लावत नाई. अन् माही विहीर थे पाहा, तिथंच हाये."

८०० मिलिमीटर पाऊस धरा. एका एकरावर ३२ लाख लिटर पाणी पडतं! काही वाहून जातं, काही उडून जातं, पण जेवढं कचऱ्यात मुरतं तेवढं सगळी घाण घेऊनच खाली उतरतं.

२०१६ च्या घनकचरा नियमांत बंद डेपोवर ६० सेंटिमीटर पाणी न झिरपणारी चिकणमाती, १५ सेंटिमीटर निचऱ्याचा थर आणि वर झाडोऱ्यासाठी ४५ सेंटिमीटर माती सांगितली होती. आमच्याकडे वीतभर मुरूम. आणि नुसत्या चिकणमातीच्या भरवशावर तरी कसं राहायचं? वैशाखात आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचं पाणी त्यातून सरळ खाली.

म्हणून झाडं हवीत, आणि ती पाणी उपसायला हवीत. जाड मातीचा थर पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. दिवाळीपासून पुढे मुळं तेच पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडतात, आणि जूनपर्यंत माती पुन्हा रिकामी होते. ऑस्ट्रेलियात रॉकहॅम्प्टनच्या डेपोवर ७० आणि १४० सेंटिमीटर मातीवर झाडं लावून हे मोजून पाहिलंय. आपला पाऊस चार महिन्यांतच कोसळतो, आठ दिवसांची झड लागली तर झाडं पुरी पडणार नाहीत, हे मला मान्य आहे. त्यासाठी वर उतार आणि कडेनं चर हवेतच.

तिथलं एक वाळलेलं रोप उपटून पाहिलं. मुळं बोटभर, टोकं काळी, सडका वास. कचरा सडून खालून येणारा मिथेन वायू मातीतली हवा हाकलतो आणि मुळं गुदमरतात. गॅस बाहेर काढायला पाइप नसतील तर दरवर्षी नवी रोपं लावा, दरवर्षी मरतील.

साग नको, ऐन उन्हाळ्यात तो निष्पर्ण असतो, म्हणजे उपसा बंद. करंज, कडुनिंब, बांबू लावा. फळझाडं तर अजिबात नकोत, लेकरं खातील. सावनेर तालुक्यात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यावर नागपूरच्या नीरीनं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं, झाडं जगवून दाखवली आहेत. खाणीची माती आणि कचरा एक नव्हे, पण ती माणसं आपल्या जवळ आहेत, त्यांना विचारा तरी.

बायोमायनिंग करून, म्हणजे जुना कचरा खणून, चाळून वेगळा करून, ढीगच उचलणार असतील तर सोन्याहून पिवळं. नसतील तर पुढच्या सभेत रोपं किती लावली हे विचारू नका, माती किती जाड टाकली ते विचारा. मीही विचारणार आहे.

काकांच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून तपासायला दिलंय. रिपोर्ट आला की इथंच टाकतो.