वाय-फाय जोडलं जात नाही? पासवर्ड पुन्हा टाका!

टीव्हीमागची स्टिक, म्हणजे इंटरनेटवरून मालिका दाखवणारी ती काडी, वाय-फायला जोडली जात नसेल, तर आधी एक गोष्ट मान्य करून टाका: चूक तुमची आहे. ती एकदा पदरात घेतली की पुढचे उपाय सोपे जातात. मी गेल्या मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत ते सगळे करून पाहिलेत, तेव्हा अनुभवाचे बोल समजा.

पहिला उपाय अर्थातच राउटर बंद करून चालू करण्याचा. 30 सेकंद मोजून. 20 सेकंदांत चालू केलात तर पाप लागतं.

मग राउटर कुठे आहे ते पाहा. आमचा चपलांच्या कपाटावर आहे, कारण फायबरवाल्याची वायर तिथपर्यंतच पुरली. टीव्ही दोन भिंती आणि एका फ्रीजपलीकडे. 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंती ओलांडता ओलांडता दमतो. 2.4 चा पोचतो, पण तिथे अख्ख्या मजल्याचे राउटर आणि वर आमचा मायक्रोवेव्ह एकाच बोळात घुसलेले. तेव्हा मालिका चालू असताना भाजी गरम करू नये, किंवा मधली भिंत पाडावी. सोसायटीची परवानगी तेवढी घ्या.

स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. साधा यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअरचा, तेवढ्यावर स्टिकचं भागेलच असं नाही. खोक्यातला अ‍ॅडॅप्टर वापरा. तो कुणाच्या फोनला लावलाय हे घरात विचारू नका, भांडण होईल.

स्टिकमधली तारीख आणि वेळ बरोबर आहे का, पाहा.

आता रामबाण उपाय: पासवर्ड पुन्हा टाका. तो राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, मुंगीच्या अक्षरात. मोबाइलने फोटो काढा, मोठा करा, आणि ते कॅपिटल ओ आहे की शून्य यावर घरात मतदान घ्या. मग रिमोट उचला. बाण एकदा दाबला की चौकट दोन घरं पुढे जाते, मागे आणली की खालच्या ओळीत उतरते. कॅपिटलसाठी वेगळं बटण, ॲट द रेटसाठी वेगळंच पान. अशी 12 अक्षरं. शेवटचं टाकलं, 'जोडा' दाबलं, गोल फिरला, फिरला, फिरला. 'पासवर्ड चुकीचा आहे.' मागून आई म्हणते, "अरे, नीट बघून टाक ना." पुन्हा 12 अक्षरं. पुन्हा गोल. सातव्या वेळी मेहुणा फोनवरून सांगतो, "हळू टाक." अरे, हळूच टाकतोय! हाच पासवर्ड माझ्या फोनला चालतो, बायकोच्या लॅपटॉपला चालतो, वरच्या मजल्यावरच्या पोराला तर आपण न सांगता चालतो. फक्त या स्टिकला चालत नाही, आणि तरी नीट टाकायचं मीच!

तक्रार नोंदवा. मराठीसाठी 3 दाबा आणि हिंदीत बोला. माणूस येण्याआधी 'आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे' असा मेसेज येईल. मागाहून माणूस येईल, सोफ्यावर टेकेल, आपला मोबाइल नाचवेल. "हे बघा काका, 100 एमबीपीएस येतायत. स्टिक गेलीय तुमची. नवीन घ्या."

कुणीतरी 'फॅक्टरी रीसेट मारा' म्हणेलच. मार्च 2025 मध्ये गूगलचे 2015 सालचे क्रोमकास्ट, म्हणजे अशाच टीव्हीला लावायच्या डब्या, जगभर एकदम बंद पडले, कारण आतल्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. लोकांनी भराभर रीसेट मारले, आणि गूगललाच सांगावं लागलं, बाबांनो, रीसेट करू नका. तुम्ही मात्र करा. करायला दुसरं आहे काय?

शुक्रवारी भाचा आला. एका हातात चकली, दुसऱ्या हातात फोन. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता, 192.168.1.1, टाकला आणि विचारलं, "मामा, राउटर नवीन आहे का?" होय. सोमवारी रस्ता खोदताना फायबर तुटली, तेव्हा तोच 100 एमबीपीएसवाला येऊन राउटरही बदलून गेला होता. नव्या राउटरवर वाय-फायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए3 या नव्या पद्धतीची ठेवलेली. ती आली 2018 मध्ये. आमची स्टिक जुनी, तिला 2004 ची डब्ल्यूपीए2 तेवढी कळते. भाच्याने मेनूत एक ओळ बदलली. चकली संपायच्या आत मालिका सुरू.

म्हणजे पासवर्ड बरोबर होता. पहिल्या वेळेपासून बरोबर होता! स्टिक बनवणाऱ्यांनो, तुमचं यंत्र धडधडीत खोटं बोलत होतं. 'या राउटरची सुरक्षा मला कळत नाही' एवढं एक वाक्य स्क्रीनवर टाकायला तुमचं काय जातं? आणि राउटर बदलून जाणाऱ्यांनो, घरात काय काय जोडलंय हे विचारायला तोंड दुखतं का तुमचं? चांगली स्टिक फेकून नवी घ्यायला सांगताना बरी जीभ वळते! माझी आई 74 वर्षांची आहे. तिला अजूनही वाटतं की मुलाला 12 अक्षरं धड टाकता येत नव्हती, शुक्रवारी कुठे जमली. आणि तो निवारणाचा मेसेज शनिवारी तिसऱ्यांदा आला. बंद करा ते. निवारण चकली खाणाऱ्या पोराने केलंय.