दिवा खिडकीत लावायचा की टेबलावर?

हनुक्का हा आम्हा ज्यूंचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण, रोज एक दिवा वाढवत हनुकिया या दीपपात्रात लावायचा. आज सकाळी आमच्या हनुकियाचा फोटो टाकला, कालचा, सात दिवे पेटलेला. खाली पहिलीच कमेंट आली, 'आधी गाझाबद्दल बोला.' लिहिणारा माणूस चांगला ओळखीचा आहे, आमच्याकडे जेवून गेलेला आहे. म्हणून जास्त लागलं.

गेल्या रविवारी, 14 डिसेंबर 2025 ला, सिडनीच्या बाँडाय बीचवर हनुक्काच्या पहिल्या संध्याकाळी लोक जमले होते. पोरंबाळं, म्हातारी माणसं, खाणंपिणं. तिथे गोळीबार करून पंधरा माणसं मारली. त्यात दहा वर्षांची मुलगी होती आणि हिटलरच्या काळातून जिवंत सुटून आलेले 87 वर्षांचे आजोबा होते. त्या मुलीने गाझाचं काय केलं होतं? सांगा ना.

माझी मावसबहीण सिडनीला असते. त्या रात्री तिचा फोन आला. रडत नव्हती, फक्त विचारत होती, "उद्या दिवा खिडकीत लावू की आत टेबलावर?"

आमच्याकडे हनुकिया खिडकीत किंवा दाराशी लावायची रीत आहे, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावी म्हणून. पण धोक्याचा काळ असेल तर आत टेबलावर लावली तरी चालते, अशी मुभा आमच्या जुन्या धर्मग्रंथांतच दिली आहे. विचार करा, किती शतकांपूर्वी कुणाला तरी हे लिहून ठेवावं लागलं असेल. आणि 2025 मध्ये माझ्या बहिणीला ते आठवावं लागतं.

मला 2008 चा डिसेंबर आठवला. मुंबईत 26/11 ला नरिमन हाऊसवर झालेल्या हल्ल्याला महिनासुद्धा झाला नव्हता. तिथले रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, गॅव्रिएल आणि त्यांची बायको रिव्का होल्ट्झबर्ग मारले गेले होते, त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएलने उचलून बाहेर आणलं होतं. ठाण्यात आमच्या सिनेगॉगबाहेर, म्हणजे प्रार्थनास्थळाबाहेर, पोलीस बसलेले. पप्पा म्हणाले, या वर्षी दिवे आतल्या खोलीत लावू. आई काही बोलली नाही. तिने काचेचे पेले घासले, खोबरेल तेल ओतलं, वाती सोडल्या आणि स्टुलावर चढून हनुकिया रस्त्याकडच्या खिडकीतच टांगली. पप्पा चिडले. दोघांचं बोलणं जिन्यापर्यंत ऐकू गेलं असणार, कारण थोड्या वेळाने समोरच्या काकू ताटात तांदूळ घेऊन आल्या आणि थेट खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या. "मला कुठे जायचंय, इथेच निवडते," एवढंच म्हणाल्या. दिवे जळत असताना आमच्या बायका काम करत नाहीत, त्यामुळे आई नुसती मांडीवर हात ठेवून बसलेली आणि शेजारी काकू खडे वेचतायत. दिवे विझल्यावरच त्या उठल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मग खालच्या मजल्यावरचे टेलर चाचाही येऊन बसायला लागले. पप्पांनी आतल्या खोलीचा विषय परत काढला नाही.

आता दुसरा राग. या आठवड्यात मला कितीतरी जणांनी प्रेमाने लिहिलं की तुम्ही ज्यू लोक किती चिवट, किती खंबीर. मनापासून लिहिलंत, कळतं मला. पण सतत खंबीर राहावं लागणं ही काही कौतुकाची गोष्ट नाही हो! जर्मनीतल्या कील शहरात रब्बी पोझनर यांच्या घरातल्या हनुकियाचा 1931 चा फोटो दर हनुक्काला फिरतो. खिडकीत दिवे, समोरच्या इमारतीवर नाझी झेंडा. केवढी हिंमत! पण 1933 मध्ये त्या कुटुंबाला देश सोडावा लागला. खिडकीतल्या माणसाने एकट्याने किती खंबीर राहायचं?

आणि तिसरी जात, बाँडायचं नाव घेऊन मुसलमानांना शिव्या घालणारी. त्यांनी माझ्या वॉलवर येऊच नये. तिथल्या एका बंदूकधाऱ्यावर मागून झडप घालून त्याची बंदूक हिसकावणारा, स्वतः गोळ्या खाणारा माणूस अहमद अल अहमद आहे, सीरियात जन्मलेला फळवाला. भायखळ्यात आमच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातल्या जेकब ससून शाळेत बहुतेक मुलं मुसलमान आहेत, वर्षानुवर्षं. आमच्या दुःखाचा दगड करून दुसऱ्याच्या काचेवर मारू नका.

गाझातली मुलं मेली त्याचं दुःख मलाही आहे, आणि इस्रायलच्या सरकारवर टीका करणारा प्रत्येक जण ज्यूद्वेष्टा नसतो, हेही मान्य. झालं? पण गेल्या वर्षी मेलबर्नमध्ये सिनेगॉग जाळलं, यंदा योम किप्पुरला, आमच्या सर्वांत पवित्र उपवासाच्या दिवशी, मँचेस्टरच्या सिनेगॉगवर हल्ला झाला. ते कुठल्या सरकारवर होते? प्रार्थनेला आलेल्या माणसांवर होते.

या देशात आमच्या शेजाऱ्यांनी आम्हाला ज्यू म्हणून कधी छळलं नाही, हे मी जगभर अभिमानाने सांगते. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली झाले. हनुक्का त्यांना ठाऊकच नव्हता. ते निघाले तेव्हा मक्काबी या ज्यू योद्ध्यांचा, ज्याच्या आठवणीत हनुक्का करतात तो, विजय व्हायचा होता, असं आमच्यात सांगतात. पिढ्यान् पिढ्या तेल गाळलं आणि तेलाच्या दिव्यांचा सण मात्र फार उशिरा, बाहेरच्या ज्यूंकडून कळला. एवढ्या उशिरा मिळालेला सण आतल्या खोलीत लपवायचा? आईला ते पटणं शक्यच नव्हतं. पण ती खिडकीत लावू शकली, कारण काकू ताट घेऊन आल्या. काकूंना हनुक्काचा इतिहास माहीत नव्हता, त्यांनी विचारलाही नाही.

बहिणीला मी सांगितलं, तुला भीती वाटत असेल तर टेबलावर लाव, त्यात कमीपणा काही नाही. खिडकीतच लाव असं ठाण्यात बसून सांगणारी मी कोण? तिने पहिले दोन दिवस टेबलावरच लावली. मग तिच्या शेजारणीने विचारलं, तुमच्याकडे दिवे लावतात ना, दिसले नाहीत? आता जखमींसाठी रक्त द्यायला तिथे रांगा लागल्यात, असंही बहीण म्हणाली. आज हल्ल्याला आठवडा झाला, संध्याकाळी 6:47 ला सगळ्या ऑस्ट्रेलियाला खिडकीत मेणबत्ती लावायला सांगितलंय. हे लिहितानाच तिचा मेसेज आला, तिच्या गल्लीत सगळे लावणार आहेत. सकाळपासूनचा राग थोडा उतरला खरा.

आज आठवा दिवा. हनुकिया आमच्या त्याच खिडकीत आहे. ठाण्यातल्या मित्रमैत्रिणींनो, सूर्य मावळला की या, भजी तळणार आहे. आणि ज्यांनी सकाळी ती कमेंट टाकली, मी ती काढलेली नाही. तुम्हीही या. गाझाबद्दल बोलू, बाँडायबद्दलही बोलू, पण समोरासमोर, माझ्या घरात, आणि दिवे विझेपर्यंत उठायचं नाही.