सी ड्राइव्हचं बिऱ्हाड

आमच्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झाली, म्हणजे जागा संपत आली, की घरातला प्रत्येकजण दुसऱ्याच्या फायलींकडे बोट दाखवतो. नानांच्या मते हे सगळं आमच्या फोटोंमुळे. बायकोच्या मते नानांनी उतरवून ठेवलेल्या कीर्तनांमुळे. माझ्यावर कुणाचा संशय नव्हता, कारण माझ्या फोल्डरचं नाव ‘ऑफिस’ आहे आणि ते उघडून बघायची घरात कुणालाच हौस नाही.

आमचा सी म्हणजे जेमतेम १२० जीबीचा एसएसडी, म्हणजे चिपवरची डिस्क. त्यात विंडोज ऐसपैस पसरलेलं, शिवाय रॅम कमी पडली तर हाताशी असावी म्हणून एक भलीमोठी पेजफाइल. उरलेल्या जागेत आम्ही. शेवटी गोखले रोडवरच्या दुकानातून १ टीबीची, म्हणजे हजार जीबीची, हार्डडिस्क आणली.

कॅबिनेट उघडल्यावर आधी धूळ दिसली, मग मदरबोर्ड. “दिवाळीत पुसून घे म्हटलं होतं,” हे वाक्य मागून आलंच. डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल मुकाट्याने बसली. डिस्कचा चौथा स्क्रू मात्र स्क्रूड्रायव्हरच्या टोकावरून सुटला, टिंग करून कुठेतरी आपटला आणि मदरबोर्डखाली शिरला. मग मी आणि भाच्याने कॅबिनेट दोन्ही बाजूंनी धरून आडवं, उभं, उलटं करून हलवलं. धूळ पडली, एक मेलेला कोळी पडला, एक स्क्रूही पडला. तो निघाला वेगळाच. आमचा अजून आतच होता. सगळा खटाटोप पुन्हा.

चालू केल्यावर डिस्क दिसेचना. नवी कोरी डिस्क विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन आधी इनिशियलाइझ आणि मग फॉरमॅट करावी लागते. ते केल्यावर तिला ई हे अक्षर मिळालं, कारण डी वर डीव्हीडी ड्राइव्ह ठाण मांडून आहे. ए आणि बी फ्लॉपीच्या. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, पण त्या दोन जागांवरचा तिचा रुमाल अजून कुणी उचललेला नाही.

“९३१ जीबी?” नानांनी चष्मा वर केला. “हजाराचे पैसे दिले ना?”

कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, हे मी कागदावर भागाकार करून दाखवलं. नाना सोसायटीचे माजी खजिनदार. त्यांनी कागद शांतपणे पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे ६९ जीबी दुकानदाराने ठेवून घेतले.”

फायली तशा गुणी. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, नवा पत्ता, मूव्ह. वेळ मात्र आधी दोन तास दाखवला, मग चार मिनिटं, मग एक दिवस. ९९ टक्क्यांवर तर एवढा वेळ थांबला की बायकोच्या पोळ्या लाटून झाल्या.

खरी गंमत प्रोग्रॅम्सची. भाचा इंजिनियरिंगला आहे. “मामा, प्रोग्रॅम फाइल्समधून कट मार, ई वर पेस्ट मार,” म्हणत त्याने स्वतःच मारलं. मध्येच खिडकी उघडली: यासाठी ट्रस्टेड इन्स्टॉलरची परवानगी लागेल.

“हा कोण आपल्या घरात?” नाना.

जे हललं, त्याचे डेस्कटॉपवरचे आयकॉन पांढरेफटक पडले. नौपाड्यातली एखादी जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला गेली की माणसं घोडबंदरला भाड्याने जातात, पण आधार, बँक, गॅस, सगळीकडे पत्ता जुनाच असतो. सिलिंडरवाला पत्र्याच्या कुंपणापाशी उभा राहून हाका मारतो. विंडोजची रजिस्ट्री म्हणजे तो सिलिंडरवाला. तिच्या वहीत लिहिलंय सी, प्रोग्रॅम फाइल्स, अमुक खोली. तिथे कुणी नाही, म्हणजे प्रोग्रॅमच नाही. म्हणून प्रोग्रॅम हलवायचा नसतो, काढून नव्याने घालायचा असतो.

नव्याने घालायचा म्हणजे लायसन्स की हवी. नानांच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरची की सीडीच्या कव्हरवर, कव्हर माळ्यावर, माळ्यावर गणपतीची आरास. की मिळाली, तर डीव्हीडीचा ट्रे टाचणी टोचल्याशिवाय उघडेना. एवढं करून पत्ता ई चा दिला, तरी प्रत्येक प्रोग्रॅम आपली थोडी वळकटी सी वरच्या ॲपडेटा नावाच्या फोल्डरात ठेवतोच. ते फोल्डर लपवलेलं असतं. का, ते आता कळलं.

रात्री पट्टी एकदाची निळी झाली. भाच्याने पोह्यांची दुसरी बशी संपवली आणि म्हणाला, “मामा, खरं तर मोठा एसएसडी आणून जुन्यावरून क्लोन केलं असतं ना, तर सगळं जसंच्या तसं आलं असतं. काहीच हलवावं लागलं नसतं.”

कुणी काही बोललं नाही. मग नाना म्हणाले, “उद्या त्या दुकानदाराला विचार, ही परत घेतो का. नाहीतरी ६९ जीबी त्याच्याकडेच आहेत.”